‘से अगेन’ म्हणायला लाजायचं नाही!

एका जहाजावर वीस-पंचवीस माणसं, चार-पाच देश आणि सगळ्यांची मिळून एक मोडकीतोडकी इंग्रजी. तरीही काम चालतं, भांडणं मिटतात, मैत्रीही होते. ‘माझं इंग्लिश चालेल का?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर नवी मुंबईच्या किनाऱ्यावरच सापडतं.

पाम बीच रोडवरून जाताना करावे गावाजवळची टी. एस. चाणक्यची भिंत तुम्ही शंभरदा पाहिली असेल. तिच्या मागच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरतात आणि त्यांच्या मागोमाग मोबाइल सरसावून आपण. फोटो होतात, रील होतं, परत येताना वडापाव होतो. भिंतीच्या आत काय चालतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

आत तुमच्याच वयाची मुलंमुली मर्चंट नेव्हीचं शिक्षण घेत असतात. मुंबईत १९२७ मध्ये ‘डफरिन’ या ट्रेनिंग शिपवर सुरू झालेली ही परंपरा १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ या जहाजावर गेली आणि १९९३ मध्ये करावेत जमिनीवर आली. तिकडे न्हाव्याला टी. एस. रहमान आहे. १९८९ मध्ये सुरू झालेलं न्हावा-शेवाचं जेएनपीटी बंदर तर उरण-पनवेलच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. बेलापूर-नेरूळमध्ये जहाजावर माणसं पाठवणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं आहेत. तुमच्या सोसायटीतही ‘शिपवर’ असलेला एखादा दादा असेलच. सहा महिने दिसत नाही आणि मग एकदम चॉकलेटं घेऊन उगवतो, तोच.

या दादाला एकदा निवांत गाठा आणि ‘तिकडे पगार किती?’ हा नेहमीचा प्रश्न न विचारता वेगळंच विचारा, ‘तिकडे बोलता कसे?’

कारण जगाला सगळ्यात जास्त दर्यावर्दी पुरवणाऱ्या देशांत फिलिपिन्स, रशिया, इंडोनेशिया, चीन आणि भारत येतात. म्हणजे एखाद्या जहाजावर कॅप्टन युक्रेनचा, कुक फिलिपिन्सचा, सेकंड ऑफिसर चीनचा आणि कॅडेट पनवेलचा, असं चित्र अगदी सहज दिसतं. इंग्रजी यांपैकी कुणाचीच मातृभाषा नाही. चार-सहा-नऊ महिने त्याच माणसांबरोबर काम करायचं, जेवायचं, राहायचं. ‘ग्रुप लेफ्ट’ करायची सोय नाही, कारण चारी बाजूंना पाणी.

‘पण मला कुठे जहाजावर जायचंय?’

नसेल जायचं. पण तुमच्या कॉलेजात परदेशातून शिकायला आलेला एखादा विद्यार्थी असतो. ऑनलाइन गेम खेळताना हेडफोनमधून ब्राझीलचा आवाज येतो. ऐरोली-महापेला इंटर्नशिप लागली की पहिल्याच आठवड्यात जर्मन क्लायंटबरोबर कॉल असतो. उद्या एमएसला गेलात, तर फ्लॅटमधला फ्रिज एका कोरियन आणि एका नायजेरियन मुलाबरोबर शेअर करावा लागेल. जग आता तुमच्या गल्लीपर्यंत आलंय, प्रश्न फक्त तोंड उघडायचा आहे.

आणि तिथेच गाडी अडते. विशेषतः मराठी मीडियममधून आलेल्यांची. मनात वाक्य तयार होतं, व्याकरण तपासलं जातं, तोवर विषय बदललेला असतो. दुसरीकडे कुणी फाडफाड बोलायला लागलं की आपण अर्धं कळलं नसतानाही मान डोलावतो. ‘परत सांग ना’ म्हणायची लाज वाटते. आपली अब्रू जाईल, आपल्याला इंग्लिश येत नाही हे कळेल, ही भीती.

समुद्रावर मात्र ही लाज परवडत नाही. तिथे ती महागात पडलेली आहे.

न कळण्याची किंमत

७ एप्रिल १९९० ची रात्र. ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ नावाचं प्रवासी जहाज नॉर्वेतल्या ओस्लोहून डेन्मार्कला निघालं होतं. वाटेत आग लागली. जहाजावरचे बरेच कर्मचारी या जहाजावर नवे होते, वेगवेगळ्या देशांतले होते. अनेकांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती आणि प्रवाशांची तर नाहीच. धुरात कुणाला कुठे न्यायचं, कुठला दरवाजा बंद करायचा, हे सांगणं आणि समजणं दोन्ही कोलमडलं. १५९ माणसं गेली. आगीला आणि इतक्या मृत्यूंना इतरही कारणं होती. पण संकटात माणसांना एकमेकांचं बोलणंच कळलं नाही, ही गोष्ट जगभरच्या सागरी यंत्रणांच्या मनाला लागली.

आपल्याकडचं उदाहरण आकाशातलं आहे. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली. ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीपेक्षा खाली आलं होतं. त्या वैमानिकांचं इंग्रजीचं ज्ञान अपुरं होतं, हा मुद्दाही चौकशीत पुढे आला. पुढे आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरच्या वैमानिकांसाठी इंग्रजीची पातळी ठरवून देण्यात आली.

आता गंमत पाहा. समुद्रावरच्या लोकांनी यावर ‘सगळ्यांनी अजून भारी इंग्लिश शिका’ असा उपाय नाही काढला. त्यांनी इंग्लिशच सोपं केलं.

भारी नको, सोपं बोला

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं, म्हणजे आयएमओनं, २००१ मध्ये जहाजावर वापरायच्या ठरावीक वाक्यांचा एक संच मंजूर केला. मर्चंट नेव्हीची मुलं त्याला ‘एसएमसीपी’ म्हणतात. त्यातल्या युक्त्या आपल्यालाही उपयोगी पडतील अशा आहेत.

पहिली युक्ती. काय बोलताय ते आधी सांगा. वायरलेसवर घोटाळ्याची शक्यता असेल, तर वाक्याआधी एक शब्द लावायचा. असे आठ शब्द ठरवलेत : हुकूम, सल्ला, इशारा, माहिती, प्रश्न, उत्तर, विनंती आणि इरादा. अर्थात इंग्रजीत. ‘क्वेश्चन’ म्हणायचं आणि मग प्रश्न विचारायचा. ‘वॉर्निंग’ म्हणायचं आणि मग धोका सांगायचा. ऐकणाऱ्याला उरलेलं वाक्य अर्धवट कळलं तरी हा माणूस विचारतोय की बजावतोय, एवढं तरी नक्की कळतं.

दुसरी. गुळमुळीत शब्द टाळा. ‘मे आय एंटर?’ हे आपल्याला शाळेत शिकवलेलं सभ्य वाक्य. पण खरखरणाऱ्या रेडिओवर ऐकणाऱ्याला यातून ‘येऊ का?’ कळेल, की ‘कदाचित येईन’ कळेल? म्हणून मे, माइट, शुड, कुड, कॅन या शब्दांपासून सावध राहायला सांगितलंय. त्याऐवजी सरळ विचारायचं, ‘क्वेश्चन. मला आत यायची परवानगी आहे का?’ थोडं रांगडं वाटतं, पण घोटाळा होत नाही.

तिसरी. आकडे सुटे सांगा. एकशे पन्नास म्हणायचं तर ‘वन-फाइव्ह-झीरो’. कारण ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक वाऱ्यात उडून जातो. एकोणसत्तर की एकोणऐंशी, यावर रिक्षावाल्याशी हुज्जत घातलेल्या कुणालाही हे पटेल.

नाव-पत्ता सांगताना वापरतात ती ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही अक्षरमालाही याच विचारातून आलेली. त्यात इंग्रजी ‘अल्फा’च्या स्पेलिंगमध्ये ‘पीएच’ऐवजी साधा ‘एफ’ आहे, कारण ‘पीएच’चा उच्चार ‘फ’ होतो हे सगळ्या देशांतल्या लोकांना माहीत नसतं. ‘ज्युलिएट’ला शेवटी दोन ‘टी’ आहेत, कारण फ्रेंच माणूस शेवटचा एकटा ‘टी’ उच्चारणारच नाही. म्हणजे समोरच्याला अडेल तिथे चक्क स्पेलिंग वाकवलं. आपण मात्र ‘तुझं स्पेलिंग चुकलं’ म्हणून मित्राची टिंगल करतो.

‘हो’ म्हणजे नक्की काय?

जहाजाचं सुकाणू ज्याच्या हातात असतं, त्याला दिलेला प्रत्येक हुकूम त्यानं मोठ्यानं परत म्हणायचा असतो. नुसतं ‘येस सर’ चालत नाही. मग हुकूम देणाऱ्यानं तो बरोबर पाळला जातोय का हे बघायचं. ऐकू आलं नाही, तर दोन शब्द ठरलेले आहेत : ‘से अगेन’. पुन्हा सांग. त्यात ‘सॉरी’ नाही, ‘माझं इंग्लिश वीक आहे’ नाही, ओशाळं हसू नाही. कॅप्टनही म्हणतो, कॅडेटही म्हणतो.

हे इतकं महत्त्वाचं का? कारण ‘हो’ या शब्दाइतका फसवा शब्द जगात नाही. आपल्याकडे ‘हो हो’ म्हणजे पुष्कळदा ‘ऐकतोय, पुढे बोल’. आपली मान तर हो आणि नाही यांच्या मधेच कुठेतरी डोलते. परदेशी माणसाला ती पाहून घाम फुटतो. फिलिपिनो माणूस नुसत्या भुवया उंचावून ‘हो’ म्हणतो आणि वस्तू दाखवायला बोटाऐवजी ओठ पुढे काढतो. बल्गेरियात मान वरखाली हलवली, तर पारंपरिक अर्थ ‘नाही’. आता असे तिघं एका कामावर असले आणि तिघांनीही नुसती मान हलवली, तर काम कुणी समजलं?

म्हणून ‘कळलं का?’ असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर कुणीही ‘हो’च देणार. ‘आता तू काय करणार आहेस?’ असं विचारायचं. प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये हे एकदा करून बघा. मराठीत करा. सगळे मराठीच असूनही किती जणांना किती वेगळं कळलं होतं, हे पाहून तुम्हीच चाट पडाल.

आणि ज्यांचं इंग्लिश फर्स्ट क्लास आहे, त्यांच्यासाठीही इथे एक धडा आहे. जहाजावर चांगलं बोलणारा म्हणजे सगळ्यांना समजेल असं बोलणारा. न कळल्याची अर्धी जबाबदारी बोलणाऱ्यावरही असते. आपलं देशी इंग्लिश तर बाहेर हमखास चकवतं. ‘मी २०२३ ला पासआउट झालो’ म्हटलं, तर आपल्याला डिग्री दिसते, परदेशी माणसाला तुम्ही चक्कर येऊन पडलेले दिसता. ‘प्रीपोन’ अनेकांना ठाऊक नसतं. ‘गुड नेम’ म्हटलं तर तो विचार करतो, मग बॅड नेम कुठलं? लाख-कोटींचे स्वल्पविराम वेगळ्या जागी पडतात. हे शब्द चुकीचे नाहीत, आपल्या घरात उत्तम चालतात. फक्त समोर कोण आहे ते बघून वापरायचे.

ड्युटी संपल्यावर

इतकं सगळं झालं कामाचं. पण ‘वॉर्निंग’ आणि ‘क्वेश्चन’ करून दोस्ती होत नाही. ती होते मेसमध्ये, म्हणजे जेवायच्या खोलीत. तिथे ठरलेली वाक्यं संपतात आणि खरी देवाणघेवाण सुरू होते.

समजा, तुम्ही पहिल्यांदाच जहाजावर गेलाय. मेसमध्ये एक फिलिपिनो खलाशी एकटा जेवत बसलाय. तुम्ही बाजूनं जाताय. तो ताटावरून मान वर करतो आणि म्हणतो, ‘काइन तायो’. अर्थ काय, तर ‘चल, जेवूया’. तो तुम्हाला खरोखर आपल्या ताटातलं वाढणार असतो असं नाही. जाणाऱ्याला असं म्हणायची त्यांच्याकडे रीतच आहे. आता आठवा, गावी ओटीवर जेवणारी आजी रस्त्यानं जाणाऱ्याला काय म्हणते? ‘या जेवायला!’ ज्याच्या घरी ही रीत आहे, त्याला ‘काइन तायो’ शिकवावं लागत नाही, फक्त ऐकावं लागतं.

असे धागे मग सापडतच जातात. फिलिपिनो माणूस वयानं मोठ्याला नुसत्या नावानं हाक मारत नाही, मोठ्या भावाला ‘कूया’ आणि मोठ्या बहिणीला ‘आते’ म्हणतो, आपले दादा-ताईच. त्याच्या भाषेत चेहरा म्हणजे ‘मुखा’ आणि शिक्षक म्हणजे ‘गुरो’, हे संस्कृतातून तिकडे पोहोचलेले शब्द. त्याचं ‘सालामात’, म्हणजे धन्यवाद, हे अरबीतून गेलेलं, आपल्या ‘सलामत’चं भावंड. नाश्त्याला त्याला भाताबरोबर ‘तुयो’ लागतो, म्हणजे खारवून वाळवलेली मासळी, तळलेली. उरणच्या पोराला याचं भाषांतर लागत नाही, वासावरूनच कळतं. चहाला रशियन माणूस ‘चाय’ म्हणतो, फिलिपिनो ‘त्सा-आ’ म्हणतो. मग कपाभोवती बसून कुणाचं काय ते सुरू होतं. रात्री कराओकेचा माइक निघाला की गाण्याचे शब्द कुणाला कळतात, याला काही महत्त्वच राहत नाही.

पण मेसची दुसरी बाजूही आहे. टेबलावर चार भारतीय आणि एक परदेशी असला, की पाचव्या मिनिटाला गप्पा हिंदीत घसरतात. चौघं खदखदा हसतात, पाचवा ताटात बघत जेवतो. त्याला कुणी हाकललेलं नसतं, कुणी त्याचा अपमान केलेला नसतो. तरी दोन-तीन दिवसांनी तो ताट उचलून केबिनमध्ये न्यायला लागतो. कधी तो एकटा परदेशी असतो, तर कधी चार रशियनांतला एकटा मराठी. महिनोन् महिने समुद्रावर असताना हे एकटेपण साधं नसतं.

जहाजावर कामाची एक समान भाषा ठरवून तिची लॉगबुकात नोंद करावी लागते, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. जेवणाच्या टेबलासाठी मात्र नियम नाही. तिथे ज्यानं त्यानं बघायचं. आणि हे फक्त जहाजावर होतं असं नाही. तुमच्या वर्गातला मणिपूरचा मुलगा, केनियाची मुलगी किंवा नुकती बदली होऊन आलेली तमिळ मैत्रीण कँटीनमध्ये तुमच्या ग्रुपबरोबर बसते का? की हल्ली हेडफोन लावून लांब बसते?

तांडेलांचा वारसा

हे सगळं नवीन आहे, ग्लोबल वगैरे आहे, असं वाटत असेल तर जरा मागे जाऊ. करावे, उरण या पट्ट्यात तांडेल आडनावाची किती घरं आहेत बघा. तांडेल म्हणजे नावेचा प्रमुख. ब्रिटिशांच्या जहाजांवर कोकणातले, बंगालचे, गुजरातचे, अरबस्तानातले खलाशी एकत्र काम करत, तेव्हा त्यांचा मुकादम म्हणजे सारंग, त्याच्या हाताखालचा तांडेल आणि सुकाणू धरणारा तो सुकाणी. हे तिन्ही शब्द इंग्रजांनी उचलले आणि ‘सेरँग’, ‘टिंडल’, ‘सीकनी’ अशा रूपात इंग्रजी शब्दकोशांत जाऊन बसले. या खलाशांची हिंदुस्तानी, पोर्तुगीज, इंग्रजी असं सगळं कालवून केलेली स्वतःची बोली होती. ती कळल्याशिवाय जहाज चालवणं साहेबाला जमेना. शेवटी थॉमस रोबक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८११ मध्ये कलकत्त्याला तिचा कोशच छापला. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी साहेब आमच्या खलाशांची भाषा पाठ करत होता.

आणि आपण? पोर्तुगीजांकडून चावी घेतली, पगार घेतला, घमेलं घेतलं, लिलावही घेतला. फ्लेमिंगो बघून येताना तुम्ही जो वडापाव खाल्लात, त्यातला ‘बटाटा’ पोर्तुगीज आणि ‘पाव’ही पोर्तुगीज. ज्या लोकांनी हे शब्द उचलले, त्यांच्यापैकी कुणी पोर्तुगीज व्याकरण शिकायला क्लास लावला नव्हता. त्यांना बाजारात काम होतं, ते बोलले, चुकले, परत बोलले.

कट्ट्यावर करून बघा

तर मग उद्यापासून काय कराल? तीन-चार साध्या गोष्टी.

कळलं नाही, तर पहिल्याच वेळी विचारा. ‘कॅन यू से दॅट अगेन?’ पुरे. दहा मिनिटं मान डोलावून मग विचारणं जास्त अवघड होतं. आणि तुमच्याकडे कुणी तेच विचारलं, तर तेच वाक्य मोठ्यानं ओरडू नका. लहान करून, दुसऱ्या शब्दांत सांगा. तो बहिरा नाहीये.

ग्रुपमध्ये एकाला भाषा येत नसेल, तर त्याच्या शेजारी बसणाऱ्यानं भाषांतराची ड्युटी घ्यायची. जोक झाला की त्याला समजावून सांगायचा. समजावलेल्या जोकला कुणी हसत नाही, हे खरं. पण आपल्यासाठी कुणीतरी थांबलं, हे त्याच्या लक्षात राहतं.

समोरच्याच्या भाषेतले पाच शब्द शिका. धन्यवाद, जेवलास का, छान, चल, पुन्हा भेटू. उच्चार चुकेल. तो हसेल आणि नीट करून देईल, गप्पांची सुरुवात तिथेच होईल. बदल्यात त्याला मराठीतले पाच शब्द द्या. शिव्या सोडून! तो पाचवा शब्द शिवीच शिकवायचा आपला जुना उद्योग आहे आणि बिचारा तो शब्द नेमका सरांसमोर वापरतो.

खाण्याचं विचारून घ्या. डुक्कर, गाय, दारू, उपास, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. ‘तू हे खातोस का?’ असं आधी विचारण्यात कुणाचाही अपमान नाही. न विचारता वाढण्यात होऊ शकतो.

आणि ॲक्सेंटचं काय? तो राहू दे. जहाजाच्या रेडिओवर मनिलाचा ॲक्सेंट आहे, ओडेसाचा आहे, शांघायचा आहे, रत्नागिरीचाही आहे. लाखो टनांचा माल या सगळ्या ॲक्सेंटमधून रोज इकडचा तिकडे सुखरूप जातो. न्हावा-शेवाला उतरलेला तुमचा मोबाइलचा सुटा भाग किंवा लॅपटॉपचा चार्जर अशाच कुणाच्या तरी ‘से अगेन’मधून इथवर पोहोचलेला असू शकतो.

तेव्हा उद्या कँटीनमध्ये तो हेडफोन लावून लांब बसलेला मुलगा दिसला, तर मनात इंग्रजी वाक्य जुळवत बसू नका. डबा उघडा, त्याच्याकडे सरकवा आणि सरळ मराठीत म्हणा, ‘ये जेवायला.’ त्याला नाहीच कळलं, तर तो विचारेल. तुम्ही परत सांगा.